कोविडनंतरच्या नर्सिंगच्या मुली: कोण टिकल्या, कोण कुठे गेल्या?

तांबडीमाती

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नर्सिंग कॉलेजात पाठ्यनिर्देशिका आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि बीएस्सी (पदवी) दोन्हींना शिकवते. परवा स्टाफरूममध्ये विषय निघाला की हल्ली मुली वॉर्डात टिकत नाहीत. पास झाल्या की एकतर जर्मनचा क्लास, नाहीतर सरकारी भरतीची पुस्तकं. एक मॅडम म्हणाल्या, "कोविडनं घाबरवलं पोरींना." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटेना. याच पोरींना मी कोविडमध्ये पाहिलंय. घाबरल्या होत्याच, पण पळाल्या नव्हत्या. या मंचावर नर्सेस आहेत, त्यांचे आईबाप आहेत, परदेशी गेलेले आहेत, म्हणून इथे विचारतेय.

आधी मी काय पाहिलं ते लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षं होत होती म्हणून. जानेवारीत आम्ही पोस्टरं केली, १२ मेच्या कार्यक्रमाचा हॉलही ठरवून ठेवला. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. त्या वर्षीच्या मुलींचं लॅम्प लायटिंग (दिवा हातात घेऊन शपथ घ्यायचा समारंभ) झूमवर झालं. कुणाच्या हातात देव्हाऱ्यातलं निरांजन, कुणाच्या हातात मोबाइलचा टॉर्च. एकीच्या मागे म्हैस ओरडत होती. शपथ मात्र सगळ्यांनी पूर्ण म्हटली.

माझ्या डोळ्यांसमोर तीन बॅचेस आहेत आणि तिघींची तऱ्हा वेगळी.

पहिली, दुसऱ्या लाटेत शेवटच्या वर्षाला असलेली. ३ मे २०२१ ला केंद्रानं सांगितलं की परीक्षेची वाट बघणाऱ्या जीएनएम-बीएस्सीच्या मुलींना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्यूटी देता येईल. आमच्या मुली त्याआधीपासूनच वॉर्डात होत्या. ऑक्सिजन कमी पडला की काय होतं हे त्यांनी पुस्तकाआधी पाहिलं. रुग्णाला पालथं कसं घालायचं, एनआयव्हीचा (घशात नळी न घालता श्वास देणाऱ्या यंत्राचा) मास्क गळू न देता कसा बसवायचा, एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) कागद हातात आला की आधी कुठला आकडा बघायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण कम्युनिटी पोस्टिंग बुडालं, आणि केसबुकातल्या नॉर्मल डिलिव्हऱ्या भरायला नंतर तारांबळ उडाली. या बॅचच्या बहुतेक मुली सरळ आयसीयूत गेल्या. आज त्यातल्या कितीतरी भारतात नाहीत.

दुसरी, त्याच काळात पहिल्या वर्षाला असलेली, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या बॅचचं झालं. हॉस्टेल क्वारंटाइनला दिलं, मुलींना घरी पाठवलं. बेड मेकिंगचा डेमो मी माझ्या घरच्या दिवाणावर, मोबाइल खुर्चीला टेकवून दिलाय. तिसऱ्या वर्षाला आल्यावरही यातल्या काहींचा शिरेत सुई घालताना हात थरथरायचा. कोविडचा वॉर्ड यांनी पाहिलाच नाही, आणि वॉर्ड सोडून जाणाऱ्यांत हीच बॅच पुढे. "कोविडनं घाबरवलं" हे मला इथेच खटकतं. ज्यांनी पाहिलं त्या देशात-परदेशात पेशात राहिल्या, ज्यांना बघूच दिलं नाही त्या गेल्या.

तिसरी बॅच २०२१ नंतर आलेली. जागा फुल्ल. आईबाप येऊन विचारायचे, "मॅडम, नोकरीची खात्री हाय न्हवं?"

माझा अंदाज असा, की साथीनं मुलींना या पेशातून हाकललं नाही. साथ ओसरल्यावर आपण त्यांच्याशी जसे वागलो, त्यानं हाकललं. चूक असेन तर सांगा.

सिव्हिल_नाइट

ताई, शेवटच्या दोन वाक्यांना माझ्याकडून सही-शिक्का.

मी २०२० ला पास झाले आणि थेट जम्बो सेंटरला (कोविडसाठी उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयात) लागले. कंत्राट दर तीन महिन्यांचं, पण पगार खासगीच्या जवळजवळ दुप्पट. आयुष्यात पहिल्यांदा घरी पैसे पाठवले, वडिलांचं पतसंस्थेचं कर्ज फेडलं. पीपीई घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, पाळी असली तरी तेच. हे सगळं सोसलं कारण वाटत होतं की आता आपली किंमत कळली लोकांना. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मेला हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. घरमालकानं मात्र त्याच आठवड्यात खोली सोडायला सांगितलं.

मग तो १०० दिवसांचा विषय. २०२१ च्या त्याच घोषणेत होतं की १०० दिवस कोविड ड्यूटी केलेल्यांना पुढच्या सरकारी भरतीत प्राधान्य. माझे १०० च्या कितीतरी वर झाले होते. प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवलं. जम्बो बंद झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, उद्यापासून येऊ नका. तीन ठिकाणी भरतीला कागद लावला, तिन्हीकडे क्लार्कनं फाइलला जोडून घेतला आणि पुढे काहीच नाही. प्राधान्य म्हणजे किती गुण, हे त्या घोषणेत लिहिलेलंच नव्हतं.

शेवटी लेखी परीक्षा देऊन सरकारी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले. त्या लॅमिनेटचा काडीचा उपयोग झाला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी बोलत नाही. ६ नोव्हेंबर २०२१, अहमदनगर सिव्हिलच्या कोविड आयसीयूला आग लागली, ११ रुग्ण गेले. अटक कुणाला झाली? एका डॉक्टरबाईला आणि स्टाफ नर्सेसना. आमच्या ग्रुपवर ती बातमी आली त्या रात्री तीन मुलींनी लिहिलं की आता सरकारी पण नको. आग विझवायची यंत्रणा बसवणं नर्सचं काम असतं का? विषाणूची भीती लस घेतल्यावर गेली. ही भीती अजून आहे.

परळीचा_बाप

नमस्कार सगळ्यांना. मी इथं नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो कारण प्रश्न घरचाच आहे.

माझी लेक यंदा बारावीला आहे. बीएस्सी नर्सिंगच करायचं म्हणून हटून बसलीय. २०२० ला ती सातवीत होती. माझी आई २०२१ च्या एप्रिलमधी अंबाजोगाईला ॲडमिट होती, आम्हाला आत सोडत नव्हते. तिथली एक सिस्टर रोज संध्याकाळी स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायची. आई गेली. पण ती सिस्टर लेकीच्या डोक्यात बसली ती बसलीच.

माझी बायको म्हणती नको. तिचं म्हणणं, अशी साथ परत आली की सगळ्यात पुढं हिलाच उभी करतील, आणि लग्न जमवताना लोक नाइट ड्यूटी विचारतात. मला दोन्ही बाजू कळतात. मी एसटीत आहे, पगार कधी होईल याची वाट बघत दिवस काढलेला माणूस. त्यामुळं मला एकच कळतं, नोकरी पक्की पाहिजे. नर्सिंगमधी पक्की नोकरी मिळती का हो? का ते जम्बोसारखंच?

शंकासुर

धागा चांगला आहे, पण एक विरोधी सूर लावतो.

सगळंच कोविडच्या नावावर टाकू नका. खासगी रुग्णालयातली नर्स दोन वर्षांत सोडून जाते ही तक्रार मी २००५ पासून ऐकतोय (बहीण नर्स, मेहुणा लॅबवाला). केरळच्या मुली आपल्याकडे येऊन अनुभव घेऊन आखातात जात होत्या, तेव्हा कुठे होता कोविड? प्रवेश वाढले तेही सेवाभाव जागृत झाला म्हणून नव्हे. नीटमध्ये गुण कमी पडले, बीएएमएसही हुकलं, मग नर्सिंग. त्यात २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर केली, म्हणजे जागा आणखी वाढणार.

खरा मुद्दा पगाराचा आणि तो जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून समिती नेमली गेली. तिनं सांगितलं की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही नर्सला २० हजारांपेक्षा कमी देऊ नका, आणि २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्या. केरळमध्ये नर्सेस संपावर गेल्या, २०१८ ला त्यांनी किमान २० हजार पदरात पाडून घेतले. आपल्या तालुक्याच्या गावात आज एखाद्या ३० खाटांच्या हॉस्पिटलात जाऊन विचारा, जीएनएम झालेल्या मुलीला किती देता. डॉक्टर आधी विषय बदलतील.

तेव्हा तांबडीमातीताई, "साथ ओसरल्यावर आपण कसे वागलो" असं म्हणू नका. साथीआधीही असेच वागत होतो.

आयसीयू_ते_एक्सेल

शंकासुर, अर्धं बरोबर. पण आधी आम्हाला हे माहीत नव्हतं, कोविडमध्ये कळलं. फरक तिथे आहे.

मी पाच वर्षं आयसीयू केलं, त्यातली दोन कोविडची. आता मेडिकल कोडिंग करते. पुण्यात, एसीत, हेडफोन लावून. अमेरिकेतल्या रुग्णाच्या फाइलवर कोड टाकायचे. शनिवार-रविवार सुट्टी. पगार आयसीयूपेक्षा जास्त. लोक विचारतात, "कोविडचा ट्रॉमा झाला का?" ट्रॉमा झाला तो असा: एप्रिल २०२० मध्ये मुंबईतल्या रुग्णालयांत नर्सेसना धडाधड लागण व्हायला लागली. आमच्याकडे एन९५ कपाटात कुलपात, किल्ली ॲडमिनकडे. मागितला तर "कालचा वापरलास ना, उन्हात वाळव." मे महिन्यात कोलकात्यातल्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या नर्सेस घाऊक राजीनामे देऊन घरी गेल्या, ती बातमी आम्ही ड्यूटीवर वाचली. आमच्यातल्या एकीनं विचारलं, आपण का नाही जात? उत्तर सोपं होतं. आमची मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलच्या तिजोरीत होती, बाँड म्हणून.

कागद सोडवून घेतले त्याच आठवड्यात कोडिंगच्या क्लासला नाव घातलं. रुग्णांमुळे सोडलं नाही. रुग्णांची तर आजही आठवण येते. एक आजोबा व्हेंटवरून सुटले आणि पहिलं वाक्य बोलले, "चहा कुणी केला तर चालंल." ते हसू आलं नाही असा एक महिना जात नाही.

ताई, तुमच्या मुलींना एवढं तरी शिकवा की मूळ कागद कुणाला द्यायचे नसतात.

टेम्सकाठची_कोल्हापुरी

इकडची बाजू मांडते, कारण तांबडीमातींच्या पहिल्या बॅचमधल्या काही माझ्याच वॉर्डात असतील!

इथे ब्रिटनमध्ये तर हा खेळ अगदी आकड्यांत दिसला. २०२१ च्या सुरुवातीला नर्सिंगच्या पदवीसाठी अर्ज ३२ टक्क्यांनी वाढले, ६० हजारांच्या वर गेले. टीव्हीवर रोज नर्सेस, दर गुरुवारी लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग डिसेंबर २०२२ मध्ये त्याच नर्सेस पगारासाठी संपावर गेल्या आणि मुलांनी तेही पाहिलं. अर्ज पुढच्या वर्षांत घसरत गेले. मला वाटतं टाळ्यांचा परिणाम दोन वर्षं टिकतो.

आणि इथली रिकामी जागा भरली कुणी? आपल्या मुलींनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगभरात ५९ लाख नर्सेसची तूट लिहिली होती. ती तूट श्रीमंत देश पैशानं भरतात. मी आले तेव्हा ट्रस्टनं (इथली सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेनं) विमानाचं तिकीट, ऑस्कीची (नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची) फी, पहिल्या महिन्याची राहायची सोय, सगळं केलं. ओईटी (आरोग्यक्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा) मात्र मी स्वतः दिली. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी, रायटिंगला सी प्लस लागतो. कोल्हापूरच्या मराठी शाळेतली मुलगी मी, रायटिंगला दोनदा आपटले.

मुलाखतीत काय विचारलं? कोविड आयसीयूचा अनुभव. बास. तिकडे ज्या कागदाला क्लार्कनं फाइलला जोडून ठेवलं त्याला इथे भाव मिळाला. सिव्हिलताई, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं ते यासाठीच.

पण नव्यांना स्पष्ट सांगते, आता इथली दारं तेवढी उघडी नाहीत. भरती थंडावलीय, ट्रस्टचे पैसे संपलेत. २०२१-२२ चं कुणाचं रील बघून आत्ता एजंटला पैसे भरू नका. आणि इथेही सगळं गोड नाही. बँड ५ च्या (नव्या नर्सच्या श्रेणीच्या) पगारात लंडनजवळ घरभाडं दिलं की हातात काय राहतं ते मी आईला अजून सांगितलेलं नाही.

निवृत्त_परिसेविका

मुलांनो, मी जुनी माणूस. टायपिंग नातवाचं, बोलणं माझं.

मी मराठवाड्यात जीएनएम करत होते तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. आम्हा विद्यार्थिनींना ट्रकमधून नेलं. सलाइन लावायला झाड नव्हतं जागेवर, माणूस उभा करायचा बाटली धरून. ते होऊन वर्ष नाही झालं तर १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण निघाले. आधी उंदीर मेले, मग माणसांच्या जांघेत, काखेत गाठी. पुढच्या महिन्यात सुरतेत तोच प्रकार आणि तिथून लोक पळून आपल्याकडे आले.

आमच्या वर्गातल्या मुलींचे आईबाप बैलगाडी घेऊन हॉस्टेलच्या दारात. माझे वडीलही आले. आमच्या मेट्रन, म्हणजे अधिसेविका, दारात उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "न्यायची तर न्या, पण गोळ्या खाऊन न्या," आणि प्रत्येकीला टेट्रासायक्लिन हातावर देऊन स्वतःही खाल्ली. थोड्या मुली गेल्या, त्याही परत आल्या. पुढे आमच्या वर्गातली एकही मुलगी सेवेतून बाहेर पडली नाही. सगळ्या वर्षानुवर्षं टिकल्या.

त्या मेट्रनबाईंचं कौतुक आहेच. पण खरं कारण सांगू? आम्ही पास झालो की थोड्याच काळात ऑर्डर हातात पडली. कायम नोकरी, पेन्शन, क्वार्टर. किल्लारीला रात्रभर काम केलेल्या मुलीला ठाऊक होतं की सरकार आपलं आहे. आताच्या मुलींना अकरा महिन्यांची ऑर्डर देता आणि वर सेवाभाव मागता. मे २०२२ ला नर्सेस संपावर गेल्या ते कंत्राटी भरतीच्या विरोधातच ना? मी निवृत्त असूनही एक दिवस मंडपात जाऊन बसले.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रुग्णाची सेवा करता करता गेल्या. त्यांचा फोटो प्रत्येक नर्सिंग कॉलेजात असतो. मी काही बोलत नाही, फोटोला हार घालणाऱ्यांनीच विचार करावा.

ब्रदर_पण_नर्सच

सगळीकडे "मुली, मुली" वाचून नाइलाजानं लॉगिन केलं. आम्ही पण असतो हो.

कोविडनं आम्हा मुलांचा मात्र फायदा झाला, खोटं कशाला बोलू. आधी वॉर्डात ब्रदर म्हणजे कॅथेटर टाकायला आणि दारुड्या रुग्णाला धरायला. कोविडमध्ये सिलिंडर बदलणं, दीडशे किलोचा माणूस पालथा घालणं, मृतदेह बॅगेत भरणं, सगळ्याला आमची हाक. लोकांनी पहिल्यांदा विचारलं, मुलगे पण करतात का नर्सिंग? माझ्या गावातले चार जण त्यानंतर आले.

पण पुढे भिंत आहे. एम्सच्या नॉरसेटला (नर्सभरतीच्या परीक्षेला) ८० टक्के जागा मुलींना, २० आम्हाला. त्या २० टक्क्यांत राजस्थानची पोरं अशी तयारी करून येतात की विचारू नका, सीकर-जयपूरला खोल्या घेऊन दोन-दोन वर्षं. माझा दोनदा प्रिलिम निघाला, मेन्सला अडकलो. आता तिसऱ्यांदा.

शेजारच्या राज्यातल्या "नॉन-अटेंडिंग" कॉलेजांचं पण बोला कुणीतरी. २०२१ नंतर एजंट गावोगाव फिरले. पैसे भरा, परीक्षेलाच या. अशा मुलानं कधी बीपी घेतलेला नसतो आणि तो आमच्याच रांगेत. साथीमुळे नर्सची मागणी वाढली हे खरं, पण त्या मागणीवर आधी ताव मारला तो एजंटांनी.

शंकासुर

ब्रदर, +१. आणि परिसेविका मावशी, तुमच्या प्रतिसादानंतर माझा मुद्दा थोडा बदलून घेतो. पगार जुना प्रश्न आहेच, पण संकटाच्या वेळी दिलेला शब्द आणि नंतरची ऑर्डर यातलं अंतर १९९४ ला कमी होतं, २०२१ ला फार वाढलं. असं म्हटलं तर चालेल?

सातपुड्याची_सीएचओ

मी नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आहे. बीएस्सी नर्सिंग. इथे बहुतेकांना वाटतं की नर्सला तीनच वाटा: वॉर्ड, परदेश, नाहीतर सोडून द्या. चौथी पण आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात "ऑक्सिजन नर्स" नेमल्या होत्या. काम एकच. बेड-टू-बेड फिरायचं, सॅच्युरेशन बघायचं, जेवढा लागतो तेवढाच फ्लो ठेवायचा, जेवायला मास्क काढला की व्हॉल्व्ह बंद करायचा. नंतर राज्यानं तो पॅटर्न उचलला. मी तेव्हा शिकत होते. पहिल्यांदा वाटलं की नर्सनं स्वतःच्या डोक्यानं निर्णय घेतला तर माणसं वाचतात, डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन फिरणं म्हणजे नर्सिंग नव्हे. म्हणून सीएचओ निवडलं. उपकेंद्रावर मीच. बीपी-शुगरचे रुग्ण, गरोदर बाया, सिकलसेलची पोरं, पावसाळ्यात साप.

पगार २५ हजार आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत. तो दुसरा भाग कधी येतो ते विचारू नका. कंत्राटीच आहे, हो. तरीही मुंबईच्या आयसीयूत परत जाणार नाही. इथे बायका मला "मॅडम" म्हणत नाहीत, "बाई आल्या" म्हणतात, आणि लस टोचून घ्यायला आधी माझ्याकडे बघतात. २०२१ ला लशीला घाबरून डोंगरावर पळालेली माणसं आहेत ही. त्यांना परत खाली आणायला तीन महिने चहा पीत बसावं लागलं घरोघरी. ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

तांबडीमाती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

शंकासुर, तुमचं बदललेलं वाक्य चालेल, नव्हे, तेच मला म्हणायचं होतं, मला मांडता आलं नाही. नर्सिंग करावं की नाही हा प्रश्न साथीनं फारसा बदलला नाही. नर्सिंग कुणासाठी करायचं, कुठल्या भिंतीच्या आत करायचं, हा बदलला. माझी आत्ताची तिसऱ्या वर्षाची मुलगी रुग्णाला टाळत नाही. ती मालकाला टाळते. आधीच्या मुली नोकरी मिळाली की पेढे आणायच्या. आता विचारतात, ऑर्डर किती महिन्यांची, मूळ कागद मागतात का, नाइटला किती रुग्ण. मला आधी हे उद्धट वाटायचं. आता मी वर्गातच शिकवते.

जर्मनबद्दल बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, इथेच लिहिते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेस आहेत. भाषा बी२ पातळीपर्यंत लागते आणि ती सहा महिन्यांत होते असं कुणी सांगितलं तर त्याच्या क्लासला जाऊ नका. आमच्या मुलींना दीड-दोन वर्षं लागतात, आणि मध्ये लग्न ठरलं की पुस्तकं माळ्यावर. शिवाय तिथे आंघोळ घालणं, भरवणं हेही नर्सचंच काम असतं. आपल्याकडे ते मावशी नाहीतर नातेवाईक करतात. आयसीयूत व्हेंट सांभाळलेल्या मुली पहिल्या महिन्यात फोन करून रडतात, "मॅडम, मला डायपर बदलायला लावतात." मी म्हणते, शिकवलं नव्हतं का फंडामेंटल्सच्या पहिल्या युनिटला?

परळीचे दादा, आता तुमचं. पक्की नोकरी मिळते, पण आपोआप मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. सरकारी स्टाफ नर्सचं मूळ वेतन सातव्या आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं. भरती दर वर्षी निघेल याचा भरवसा धरू नका. निघेपर्यंतची दोन-तीन वर्षं कुठल्यातरी मोठ्या रुग्णालयात काढायची तयारी ठेवा, ३० खाटांच्या नको. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. त्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे का, त्यात खरंच रुग्ण असतात का, ते दुपारी ओपीडीत बसून बघा. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद, दोन्हींची मान्यता त्या चालू वर्षाची आहे का तेही विचारा. एजंटमार्फत काहीही नको. आणि वहिनींना सांगा, लग्नाच्या बाजारात नर्सची मागणी कोविडनंतर वाढलीय. हे मला आवडतं असं नाही, पण आहे.

आयसीयू_ते_एक्सेल

मूळ कागदांचं राहिलं, ताई!

तांबडीमाती

हो! दादा, झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत पिशवीत टाका. कोणी ठेवून घेतो म्हणालं तर उठून या.

परळीचा_बाप

सगळ्यांचे आभार. लेकीनं पूर्ण धागा वाचला, दोनदा. बायकोला पण वाचून दाखवला. परिसेविका बाईंचा प्लेगचा किस्सा ऐकून ती म्हणाली की मामला गाव तर तिच्या मावशीच्या सासरकडचं. मग अर्धा तास तेच चाललं.

सीईटीचा फॉर्म भरतोय. लेकीचा एक प्रश्न आहे, सिव्हिल ताईंना. रात्री एका सिस्टरकडं किती पेशंट असतात? खरं सांगा म्हणती.

सिव्हिल_नाइट

खरं सांगते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १. काल रात्री आमच्या मेडिसिन वॉर्डात ३८ रुग्ण होते, त्यातले काही खाली गाद्यांवर, आणि आम्ही दोघी. एक रुग्ण मध्यरात्रीनंतर बिघडला म्हणून दुसरी त्याच्याजवळ अडकली, मग उरलेले माझ्याकडे. सकाळी साडेसातला घरी निघाले.

मी तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिला खरंच बघायचं असेल तर सोमवारी दुपारी दोनच्या सुमाराला घेऊन या, माझी सकाळची ड्यूटी संपत आलेली असते. इन्चार्ज सिस्टरना विचारून वॉर्ड दाखवते. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवलाय. तिचं आधार कार्ड आणा, गेटवर विचारतात.